गोदाकाठच्या गाळातलं लाकूड टिकतंय का, याची परीक्षा वैशाखात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक शहराच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी घाटाच्या कामासाठी खोदाई चालू असताना जुन्या दगडी बांधकामाखाली काळ्या, ओल्या गाळात लाकडी ओंडके आणि फळ्या दिसल्या. कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांनी विचारलं आहे: अवशेष जागेवरच ठेवायचे, वर वाळू टाकून पायऱ्या बांधायच्या आणि बाजूला दोन पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायचे उभे पाईप) बसवायचे, असा प्रस्ताव आहे. पाण्यात लाकूड टिकतं असं सगळे म्हणतात. मग नेमकं मोजायचं काय, किती वर्षं मोजायचं, आणि ते टिकत नसेल तर वेळेत कळणार कसं?

राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नाशिकच्या कार्यालयाला तुम्ही लेखी कळवलं असेल असं धरून चालतो. कळवलं नसेल तर आधी ते करा. त्यांची माणसं येईपर्यंत उघडं पडलेलं लाकूड तासभरही उन्हात राहू देऊ नका. त्याच खड्ड्यातल्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यावर काळं प्लास्टिक आणि वर मातीचा थर एवढं पुरतं. नळाचं पाणी मारत बसू नका. त्यात ऑक्सिजनही असतो आणि क्लोरीनही.

आता मूळ मुद्दा. लाकूड टिकतं ते हवा पोचत नाही म्हणून. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट कमी वेगाने तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. गाळातल्या जिवाणूंनी होता तेवढा ऑक्सिजन वापरून टाकला की नवा जवळजवळ येतच नाही आणि लाकूड खाणारी बुरशी थांबते. त्यानंतरही काही जिवाणू फार संथपणे पेशींच्या भिंती पोखरत राहतात. सेल्युलोज जातं, लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा उरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी भरतं. म्हणून शेकडो वर्षं गाळात राहिलेला ओंडका अखंड दिसतो, त्यावरचे वाकसाचे घाव मोजता येतात. आणि तोच वाळला की आक्रसून, तडकून ओळखू येईनासा होतो. आपल्या देशात अशी लाकडं मिळत नाहीत हा समज चुकीचा आहे. पाटलीपुत्राच्या उत्खननात सालाच्या लाकडाचं बांधकाम मिळालं, केरळात पट्टणमला २००७ साली चिखलात होडी आणि सागवानी खुंट सापडले. आपल्याकडे अशा जागा कमी सापडतात, याचं एक कारण आपण पाण्याच्या पातळीपर्यंत खणतो आणि पंप लावायची वेळ आली की थांबतो.

म्हणजे धोका पाण्याचा नाही, पाणी उतरण्याचा आहे. नाशिककरांची सगळी नजर पाणी चढण्यावर असते. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय, नारोशंकराच्या मंदिराला पाणी लागलं का, हे पावसाळ्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. पुराच्या खुणा भिंतींवर कोरलेल्या सापडतात. पण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काठाखालचं पाणी किती खोल गेलं होतं, याची नोंद कोणाकडे नसते. तुमच्या लाकडाचं भवितव्य त्याच आकड्यावर ठरणार आहे. ऑक्टोबरात पाणी लाकडाच्या दोन मीटर वर आहे म्हणून कोणी निश्चिंत होत असेल तर त्याला अर्थ नाही. वर्षातली सर्वात खालची पातळी लाकडाच्या माथ्याच्या वर राहते का, आणि राहत नसेल तर किती दिवस ती खाली असते, हे दोन प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी येतात.

त्यासाठी पहिलं काम ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन करायचं आहे, आणि त्यात तुम्ही माझ्यापेक्षा तयार असाल. प्रत्येक उघड्या लाकडाच्या माथ्याचा आणि तळाचा आरएल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची, घ्या, गाळाच्या थराच्या वरच्या आणि खालच्या सीमेचा घ्या, पिझोमीटरच्या तोंडाचा घ्या, आणि सगळं एकाच कायम बेंचमार्कला, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेला, बांधा. हा बेंचमार्क घाटाच्या नव्या कामात उखडला जाणार नाही अशा जागी हवा. मी पाहिलेल्या बऱ्याच नोंदवह्यांत ‘जमिनीपासून ३.२ मीटर’ असे आकडे असतात. चार वर्षांनी भराव पडतो, फरशी बदलते, आणि ती जमीन कोणती हे सांगणारा कोणी उरत नाही.

दोन पिझोमीटर कमी आहेत. पाणी कुठून कुठे वाहतं हे कळायला किमान तीन जागा लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. पण संख्येपेक्षा खोली जास्त महत्त्वाची. आपल्याकडे काठावर गाळ, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ अशी रचना असते, आणि या तिन्हींतलं पाणी एकच असेल असं नाही. कातळातलं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलेलं असताना वरच्या चिकण गाळात पाणी अडकून राहू शकतं. उलटही घडतं: गाळ खालून निथळत असतो आणि खोल बोअर मात्र भरलेली दिसते. म्हणून नेहमीची खोल बोअर मारून तिच्यात टेप सोडण्याचा उपयोग नाही. जाळीचा, म्हणजे स्लॉट पाडलेला पाईप फक्त लाकूड असलेल्या थरापुरता ठेवा, भोवती बारीक धुतलेली वाळू भरा, वर आणि खाली बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) सील करा. शेजारीच दुसरा पाईप खालच्या मुरमात वेगळा सोडा. ही जोडी पाणी वर येतंय की खाली झिरपतंय ते सांगते. पाईप पीव्हीसीचाच घ्या. लोखंडी पाईप पाण्यातल्या लोहाचं मोजमाप बिघडवतो. तोंडाला कुलूप हवं, नाहीतर पहिल्या पर्वणीला त्यात निर्माल्य जाईल.

पातळी दर तासाला नोंदवणारा डेटा लॉगर घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आसपासच्या विहिरींची ही जुनी मापं जरूर मागवा, कारण दुष्काळी वर्षांत काय झालं होतं ते त्यांतूनच कळेल. पण नदीकाठच्या जागेला चार मापं पुरत नाहीत. गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की काठातलं पाणी चढतं, बंद झालं की उतरतं, आणि शेजारी कोणी पंप लावला तर एका रात्रीत पातळी बसते. लॉगरबरोबर हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर हवाच. एक मिलिबार म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी, आणि डिसेंबर ते जूनमध्ये आपल्याकडे दाबात दहाएक मिलिबारचा फरक पडतो. तो वजा न करता काढलेला आलेख दहा सेंटिमीटरने खोटं बोलू शकतो. दर महिन्याला हाताने टेप सोडून एक माप घ्यायला मात्र विसरू नका. लॉगर बिघडल्याचं त्याशिवाय समजत नाही.

इथे एक बारकावा आहे. पातळी लाकडाच्या खाली गेली की लाकूड लगेच कोरडं पडतं असं नाही. चिकण माती केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते. पातळीच्या वरही काही अंतर ती संपृक्त राहते. युरोपातल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या) जमिनीत हे बऱ्याच अंशी आधाराला येतं. आपल्या काळ्या मातीचं वागणं वेगळं आहे. ती सुकताना आक्रसते आणि चैत्रात तिला ज्या भेगा पडतात त्या मीटरभर खोल जाऊ शकतात. त्या भेगांतून हवा थेट आत उतरते आणि मृगाच्या पहिल्या पावसाचं ऑक्सिजनने भरलेलं पाणीही त्याच वाटेने जातं. म्हणून लाकडावर काळी माती किती, गाळ किती, रेती किती, हे थर नीट नोंदवा, आणि लाकडाच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये मातीतला ओलावा मोजणारे संवेदक बसवा. नुसत्या पाणीपातळीवर विसंबून या भेगांचा पत्ता लागत नाही.

आता पाण्याचं रसायन. तपासण्या महागड्या वाटतात, पण पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने होते. खड्ड्याची ताजी कापलेली बाजू काळी किंवा निळसर करडी आहे आणि हवा लागल्यावर तासाभरात तपकिरी होते, तर थर ऑक्सिजनविना आहे. मुळांच्या वाटा आणि भेगांच्या कडा आधीच तांबूस-पिवळ्या असतील तर हवा अधूनमधून येते आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर सल्फेटवर जगणारे जिवाणू कामावर आहेत, आणि ती इथे चांगली खूण आहे. पाईपमधून काढलेलं नितळ पाणी बाटलीत थोडा वेळ ठेवल्यावर लालसर झालं तर त्यात विरघळलेलं लोह आहे. तीही चांगली खूण.

यंत्राने मोजायचं ते सामू (पीएच), विद्युतवाहकता (ईसी), तापमान, विद्राव्य ऑक्सिजन आणि रेडॉक्स. रेडॉक्स म्हणजे थरात ऑक्सिजनयुक्त स्थिती आहे की ऑक्सिजनविना, म्हणजे क्षपणाची, हे मिलिव्होल्टमध्ये सांगणारं माप. सामू आणि ईसीचे मीटर नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या घरोघरी आहेत. ते वापरायला हरकत नाही, प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतले म्हणजे झालं. रेडॉक्सला जास्त काळजी लागते. सामू ७ च्या आसपास असताना साधारणपणे +४०० मिलिव्होल्टच्या वर ऑक्सिजनयुक्त, +१०० ते +४०० मध्यम क्षपण, −१०० ते +१०० क्षपण आणि −१०० च्या खाली तीव्र क्षपण असं धरतात. लाकडासाठी आपल्याला शेवटच्या दोन पायऱ्या हव्यात. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडवर घेतलेल्या मापात सुमारे २०० मिलिव्होल्ट मिळवावे लागतात. अहवालात हे केलं की नाही ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नका. एकाच खोलीवर तीन-चार प्लॅटिनम इलेक्ट्रोड पुरा, कारण एक-दोन हमखास भरकटतात. आणि एका मापाला फार किंमत देऊ नका. वर्षभराचा कल पाहा.

प्रयोगशाळेत पाठवायचं ते नायट्रेट, अमोनियम, सल्फेट, सल्फाइड, लोह, मँगनीज, क्लोराइड. नायट्रेटकडे मी इथे सर्वात आधी पाहीन. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, त्यानंतर मँगनीज, लोह, सल्फेट अशी उतरंड लागते. सांडपाणी आणि वरच्या शेतांतलं खत यांमुळे बाहेरून नायट्रेट येत राहिलं, तर पाणी भरपूर असूनही कुजणं वेग घेऊ शकतं. नदीला शहराचं सांडपाणी कुठे मिळतं आणि तुमची जागा त्याच्या वर आहे की खाली, हे नकाशावर घ्या. नमुना घेताना आधी पाईपमधलं जुनं पाणी उपसून टाका, बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि लोहाचा नमुना जागेवरच गाळून आम्लयुक्त करा. दिंडोरी रस्त्यावर मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, पाणी आणि माती तपासणारे अनुभवी लोक शहरातच आहेत. नमुना त्याच दिवशी पोचवता येण्याची ही सोय फार थोड्या उत्खननांना मिळते.

परदेशी मानकं वाचताना तापमान विसरू नका. या विषयातलं सर्वात बारीक निरीक्षण नॉर्वेत बर्गनच्या ब्रिगेन या जागतिक वारसा वस्तीत झालं. तिथे शेजारच्या बांधकामाखालच्या निचऱ्यामुळे भूजल उतरलं, सेंद्रिय थर कुजू लागले आणि काही भागांत जमीन वर्षाला ६ ते ८ मिलिमीटर खचत गेली. मोजमाप नीट असल्यामुळे कारण सापडलं, पाणी पुन्हा जिरवून पातळी वर आणली गेली. नॉर्वेचं या कामाचं मानक त्याच अनुभवातून घडलेलं आहे. पण तिथलं भूजल थंड. आपल्याकडे ते २५ अंशांच्या आसपास असतं. दर दहा अंशांना जैविक क्रिया ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने होतात, म्हणजे तिथे काही महिने उघडं पडलेलं लाकूड जितकं बिघडेल तितकं इथे एका मे महिन्यात बिघडू शकतं. त्यांच्या सहनशीलतेच्या मुदती जशाच्या तशा आपल्या अहवालात उतरवू नका.

दुसरं उदाहरण मनाला लागणारं आहे. यॉर्कशरमधलं स्टार कार हे सुमारे ११,००० वर्षांपूर्वीचं मध्याश्मयुगीन स्थळ ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात खणलं, तेव्हा शिंगाच्या आणि हाडाच्या वस्तू उत्तम निघाल्या. उरलेलं जमिनीत सुरक्षित आहे असं मानलं गेलं. शेतांच्या निचऱ्यामुळे पाणी उतरत गेलं, गाळातल्या लोह-सल्फाइडला हवा लागून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं आणि नव्या शतकात पुन्हा खणलं तेव्हा काही भागांत सामू ३ च्याही खाली होता. हाडं मऊ पडली होती, लाकूड चेपलं होतं. अर्ध्या शतकात कोणी सलग मोजलं नव्हतं. आपल्या मातीत चुनखडी असते, ती आम्ल बरंच शोषून घेते, त्यामुळे नेमका हाच आजार इथे होण्याची शक्यता कमी. पण सल्फेट वाढतंय आणि सामू घसरतोय अशी जोडी दिसली तर थांबू नका.

पाण्याइतकंच लाकूडही तपासायला हवं, आणि प्रस्तावात त्याचा उल्लेखच नाही. आज त्याची अवस्था काय आहे हे माहीत नसेल तर दहा वर्षांनी ते बिघडलं की आधीच तसं होतं, हे कोणालाही सांगता येणार नाही. झाकण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने काही ओंडक्यांचे छोटे नमुने घ्या. सुई किती सहज आत जाते ते नोंदवा. पाण्याचं प्रमाण काढा: कोरड्या वजनाच्या तुलनेत १८५ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड बरंच शाबूत, ४०० च्या वर असेल तर अतिशय खंगलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या पोकळ्या दिसतात की फक्त जिवाणूंचं पोखरण, यावरून पूर्वी कधी हवा लागली होती का ते समजतं. जात आणि काळ ओळखायला लखनौची बीरबल साहनी संस्था आहे. हे लाकूड पेशवाईतल्या घाटाच्या पायाचं असू शकतं, त्याहून कितीतरी जुनंही असू शकतं. हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिकच्या मातीच्या गढीवर केलेल्या उत्खननात इथली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली होती. पेशवेकाळाच्या लाकडाला कार्बन-१४ कालमापन नेमकं उत्तर देत नाही, एवढं लक्षात ठेवून अपेक्षा ठेवा.

मूळ लाकूड पुन्हा पुन्हा उकरून पाहता येत नाही, म्हणून शेजारी, त्याच खोलीवर नव्या लाकडाचे मोजलेले तुकडे पुरायचे आणि ठरलेल्या वर्षी एकेक संच बाहेर काढून तपासायचा. नुसतं सागवान पुरू नका. ते टिकाऊ असल्यामुळे बिघाड दाखवायला फार वेळ लावतं. सावरीसारखं मऊ लाकूड बरोबर ठेवा, ते लवकर बोलतं.

झाकण्याबद्दल थोडक्यात: लाकडावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड), त्यावर धुतलेली बारीक वाळू, मुरूम अजिबात नाही. ओलं काँक्रीट थेट वर आलं तर त्यातून निघणाऱ्या पाण्याचा सामू १२ च्या घरात जातो, म्हणून मध्ये जाड थर हवा. लंडनला १९८९ मध्ये सापडलेलं रोझ हे जुनं नाट्यगृह असंच ओल्या वाळूखाली, वर काँक्रीट आणि पाणी ठेवून, इमारतीच्या तळाशी जपलं आहे आणि तेव्हापासून त्याची पाणीपातळी आणि पाण्याचं रसायन पाहिलं जातं. म्हणजे तुमची कल्पना अशक्य नाही. पण पक्क्या पायऱ्या आणि फरशीमुळे पावसाचं पाणी आत जिरणं बंद होतं, हे लक्षात घ्या. हवा अडते खरी, पुनर्भरणही अडतं. पात्रातलं काँक्रीट काढावं अशी मागणी नाशिकमध्ये कित्येक वर्षं होते आहे. ते काढलं तर काठातलं पाणी बदलेल, आणि तुमच्या आलेखात तो बदल ओळखता यायला हवा. आणखी मोठी भीती शेजारच्या तळघराची. पाच-सहा मीटर खोल पार्किंगसाठी कोणी महिनोन्महिने पंप चालवला तर तुमची सगळी योजना कोरडी पडते. काही अंतरापर्यंतच्या उपशाची सूचना आधी मिळेल, अशी अट महापालिकेच्या परवानगीत घालून घ्या.

मोजमापाला अर्थ येतो तो आधी ठरवलेल्या मर्यादेमुळे. ‘पातळी लाकडाच्या माथ्यापासून ३० सेंटिमीटरवर आली की इशारा, माथ्याच्या खाली सलग दोन आठवडे राहिली की कारवाई’ असं काहीतरी कागदावर, सह्यांसकट, झाकण्यापूर्वी लिहिलेलं असावं. आकडे तुमच्या थरांप्रमाणे बदलतील. कारवाई कोणती तेही तिथेच लिहा: पंप बंद करणं, पुनर्भरणाच्या चरात पाणी सोडणं, आणि दोन उन्हाळे सलग मर्यादा ओलांडली तर उघडून खणून काढणं. त्या शेवटच्या पायरीचा निधी आजच बाजूला पडलेला नसेल तर तिला अर्थ नाही. पहिली पाच वर्षं दाट मोजा, नंतर रसायन वर्षातून एकदा, पण पातळी कायम. घाट जितकी वर्षं उभा, तितकी वर्षं.

तुमच्या प्रस्तावाबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. एक पूर्ण उन्हाळा मोजल्याशिवाय जागेवर ठेवण्याचा निर्णय घेऊ नये. सिंहस्थाची तारीख कोणी पुढे ढकलणार नाही हे मलाही माहीत आहे. म्हणून आत्ता वाळूने तात्पुरतं झाका, पिझोमीटर चालू करा आणि त्या पट्ट्यातल्या पायऱ्या पुढेमागे उचलता येतील अशा सुट्या दगडांत घ्या, चुन्या-सिमेंटात नको. दरम्यान आसपासच्या जुन्या विहिरींचे मे महिन्याचे आकडे मिळवा आणि २०१२ ते २०१६ या काळातल्या कमी पावसाच्या वर्षांत त्या विहिरी कुठवर उतरल्या होत्या ते आरएलमध्ये मांडा. ती रेषा लाकडाच्या माथ्याखाली स्पष्टपणे जात असेल, तर पुरून ठेवण्याचा आग्रह सोडा आणि लाकूड धडधाकट आहे तोवर, पाण्याच्या टाक्या आणि रासायनिक जतनाची सोय आधी करून, ते व्यवस्थित उत्खनन करून काढा.